बदल केलेत ना, मग ते लिहा की!

'डीएनए नेहमीच्या सीटॅब पद्धतीने, किरकोळ बदल करून वेगळा केला.' वनस्पतींवरच्या पेपरच्या मेथड्समध्ये, म्हणजे प्रयोग कसा केला ते सांगणाऱ्या भागात, एवढंच वाक्य दिसलं की माझं डोकं फिरतं. अहो, सगळी मेहनत त्या किरकोळ बदलांतच तर असते! सीटॅब हे पेशींची आवरणं फोडणारं साबणासारखं रसायन; ते वापरून पानांतून डीएनए काढायचा मूळ प्रोटोकॉल, म्हणजे कृती, 1987 पासून छापलेला आहे. 2 टक्के सीटॅब, 1.4 मोलर मीठ, तापमान 60 अंश. बहुतेक जण 65 ठेवतात. तो ताज्या पानांसाठी लिहिलेला. आमच्या वाट्याला येतात जून, चिवट, टॅनिनने भरलेली पानं. तिथे तो जसाच्या तसा वापरला, की पांढऱ्या धाग्यांऐवजी शेंबडासारखा तपकिरी गोळा हाती येतो. पिपेटच्या टिपमध्ये चढत नाही, डीएनए साठवायच्या टीई द्रावणात विरघळत नाही, तपासणीच्या जेलच्या वेलमध्ये, म्हणजे खाचेत, भरला तर तरंगून बाहेर येतो.

चिकटपणा पॉलिसॅकराइडचा, म्हणजे पानातल्या शर्करांच्या लांब साखळ्यांचा, रंग पॉलिफिनॉलचा, म्हणजे टॅनिनसारख्या द्रव्यांचा, हे आम्हाला कळतं. मीठ वाढवलं की पॉलिसॅकराइड डीएनएबरोबर खाली बसत नाहीत, पीव्हीपी हे पॉलिमर पॉलिफिनॉलला धरून ठेवतं, हेही ठाऊक आहे. पण किती? मीठ 2 मोलर की 2.5? पीव्हीपी 1 टक्का की 4? तपकिरी रंग चढू न देणारं मरकॅप्टोइथेनॉल किती, आणि आयत्या वेळी घातलं का? तुम्हाला आकडा सापडलाय, तुमच्या वहीत तो लिहिलेला आहे, आणि तरी पुढच्या माणसाने पहिल्यापासून डोकं आपटायचं? जागा नव्हती म्हणू नका. पुरवणी फाइल मग कशासाठी असते?

सेंट्रीफ्यूजचंही तेच. '12,000 आरपीएम, 10 मिनिटं.' नळ्या धरून फिरणारा रोटर कुठला? त्रिज्या 8 सेंटिमीटर असेल तर ते जवळपास 12,900 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट जोर, होतं, 5 असेल तर जेमतेम 8,000. जी लिहायला एक अक्षर लागतं!

आणि सगळ्यात संताप येतो तो शुद्धतेच्या दाव्याचा. 260 आणि 280 नॅनोमीटरवरच्या प्रकाशशोषणाचं गुणोत्तर, 260/280, म्हणे 1.8, म्हणून डीएनए शुद्ध. 260/230 चा उल्लेखच नाही! पॉलिसॅकराइड, फिनॉल, डीएनए काढायच्या किटमधलं ग्वानिडीन यांचं बिंग तिथेच फुटतं. 260/280 चा आकडा चांगला दिसत असताना पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढणारी अभिक्रिया, मेलेला असू शकतो. बरं, आरएनएसुद्धा 260 वरच शोषतो, त्यामुळे आरएनए तोडणारं आरएनेज वापरलं की नाही हे सांगितल्याशिवाय तुमच्या त्या भरघोस यील्डवर विश्वास कसा ठेवायचा? डीएनए दहापट पातळ केल्यावरच पीसीआरचा बँड आला असेल, तर तेही लिहा, कारण त्याचा अर्थ पीसीआर अडवणारे इनहिबिटर अजून आत आहेत.

काही सॅम्पल चिमूटभरच असतात. जुन्या वाळवलेल्या नमुन्यातून पानाचा एक तुकडा मिळतो, दुसरा कोणी देत नाही. तो अर्धवट लिहिलेल्या प्रोटोकॉलपायी वाया जातो. रिव्ह्यूअरनो, आकडेवारीच्या टेस्टवर चार-चार प्रश्न विचारता ना? मग इथेही विचारा: कुठले बदल, किती, कशासाठी? उत्तर मिळेपर्यंत पेपर पुढे सोडू नका.