बत्ती कोणासाठी जळून राहिली आहे?

इंदूरच्या मराठी घरात महागाईचा पहिला घाव बत्तीवर पडतो. तेल वाढो, तूरडाळ वाढो, शाळेची फी वाढो, संध्याकाळी घरातले बाबा खोल्याखोल्यांतून गस्त घालतात आणि रिकाम्या खोलीत दिवा दिसला की दारातूनच विचारतात, "इथे कोणी बसून राहिलं नाही, तर बत्ती कोणासाठी जळून राहिली आहे?" पुण्याचे पाहुणे या वाक्याच्या व्याकरणाला हसतात. व्याकरणाचं मला काही नाही, मी इथलीच. मला हसू येतं ते त्यातल्या गणिताचं.

ती बत्ती नऊ वॅटची आहे. एक युनिट म्हणजे हजार वॅट एक तास. म्हणजे त्या बत्तीला एक युनिट संपवायला १११ तास लागतात: चार दिवस आणि वर पंधरा तास, अखंड. त्याच वेळी न्हाणीघरात दोन हजार वॅटचा गीझर चालू असतो आणि तो तेवढंच युनिट अर्ध्या तासात पिऊन मोकळा होतो. पण गीझर आवाज करत नाही, चमकत नाही, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नाही. चोर गच्चीवरून उतरतोय आणि आपण दारातल्या मांजराला हाकलतोय.

बरं, युनिटाला इतकं महत्त्व का, तेही सांगायला हवं. मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजना आहे. महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत असेल तर पहिल्या १०० युनिटांचे १०० रुपये आणि वरच्या युनिटांचे नेहमीच्या दराने. वापर १५१ झाला की सगळी सवलत गेली, पहिल्या युनिटापासून पूर्ण दर. ते एकशेएक्कावन्नावं युनिट एकटं काही शे रुपयांना पडतं. इतक्या महाग वस्तूची खरेदी आपण एरवी सराफ्यात चार दुकानं फिरून करू. इथे ती इस्त्री विसरल्याने होते.

यात एक बारीक गोष्ट आहे, ती अर्ध्या मोहल्ल्याला माहीत नसते. मर्यादा तीस दिवसांची, म्हणजे दिवसाला पाच युनिट. रीडिंग तेहेतीस दिवसांनी आलं तर १६५ पर्यंत चालतं, सत्तावीस दिवसांनी आलं तर १३५ वरच दार बंद. तेव्हा "गेल्या महिन्यात १५८ आले तरी सवलत मिळाली" म्हणणाऱ्या शेजारच्या काकू लबाड नसतात आणि "१४० ला गेली" म्हणून रडणारे समोरचे काका दुर्दैवी नसतात. दोघांनीही बिलावरचे दिवस मोजलेले नसतात, इतकंच.

तर दिवसाचा शिधा पाच युनिट. आता पंगत वाढा. फ्रिज, साधा एकदारी, ०.७. तीन जुने पंखे, पंचाहत्तर वॅटचे, प्रत्येकी बारा तास: २.७. टीव्ही आणि त्याचा सेट टॉप बॉक्स मिळून ०.५. वायफायचा डबा ०.२. घरातल्या सगळ्या बत्त्या, हो, सगळ्या मिळून ०.२. मिक्सर, धुलाई मशीन, इस्त्री यांची सरासरी ०.४. झाले ४.७. राहिली पाण्याची मोटर. जलूदच्या पंपघरापासून सत्तर किलोमीटर चढत आलेली नर्मदा आपल्या गच्चीपर्यंतचे शेवटचे तीस फूट मात्र आपल्या खर्चाने चढते. एक दिवसाआड पाणी, अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर तासभर, म्हणजे अर्धं युनिट; रोजचं पाव. बेरीज ४.९५. शिल्लक ०.०५. एवढ्यात हजार वॅटची इस्त्री आणखी तीन मिनिटं चालते. एका बाहीपुरती.

मोटरचं आणखी एक. खालच्या हौदातलं पाणी संपल्यावर ती कोरडी फिरत राहिली तर पाणी चढत नाही, मीटर मात्र चढतो, आणि आतलं सील जळतं ते वेगळंच. वरची टाकी वाहून पन्हळीतून धार लागली की सगळी आळी हाका मारते. हौद कोरडा पडला तर कोणी मारत नाही. तरंगता स्विच लावायचा तर दोन्हीकडे लावावा. बहुतेक लोक वरच लावतात, कारण अब्रू वरून वाहते.

मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. घरातल्या या सर्वात प्रामाणिक माणसाशी कोणी बोलत नाही. मीटरच्या पाटीवर ३२०० असा आकडा असतो (काहींवर १६०० असतो, वाचून घ्यावा). अर्थ असा की ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. आता घड्याळ घेऊन ओटल्यावर उभं राहायचं. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजायचे आणि ११२५ ला (म्हणजे ३६ लाख भागिले पाटीवरचे ३२००) त्या सेकंदांनी भागायचं. येतील तेवढे वॅट त्या क्षणी घर खातंय. दहा सेकंदांनी लुकलुकला तर साधारण ११२, म्हणजे नुसता फ्रिज चालू आहे. सव्वा सेकंदाने लुकलुकला तर ९००, म्हणजे कोणीतरी "चालू नाही" म्हणत काहीतरी चालू ठेवलं आहे. भरभर लुकलुकत असेल तर एकच अंतर मोजून भागत नाही, दहा लुकलुकी मोजून दहाने भागावं.

ही नाडीपरीक्षा रात्री अकराला करावी. आधी घरातलं मेन पाडायचं. दिवा थांबलाच पाहिजे. न थांबला तर मीटर आणि मेनच्या मधे कुठेतरी गडबड आहे, इलेक्ट्रिशियन बोलवा. मग मेन चढवायचं, पण हाताला येतील ती सगळी बटणं बंद आणि फ्रिजचा प्लग काढलेला. तरी दर मिनिटा-दीड मिनिटाने एक लुकलुक येतेच. आता एकेक वस्तू उपटत जायची. सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी आतून जवळपास जागाच असतो. दहा वॅट धरले तर महिन्याला सात युनिट. सात! बाबांनी हटकलेली बत्ती महिनाभर रात्रंदिवस जाळली तरी साडेसहाच्या वर जात नाही. भिंतीवरचं बटण बंद करणं हाच उपाय, पण त्या बटणापुढे शोकेस उभं असतं आणि शोकेसवर गणपती, त्यामुळे हात घालायला कोणी धजत नाही.

मीटरवर कुठे कुठे "ई एल" अक्षरांपाशीही दिवा असतो. तो लागला तर ती बचतीची नव्हे, जिवाची गोष्ट आहे: आलेली वीज सगळी परत जात नाही, कुठेतरी जमिनीत मुरते आहे. बहुधा गीझरचा किंवा मोटरचा गुण. तिथे हिशेब थांबवून माणूस बोलवावा.

फ्रिजकडे वळू. दहाची नोट दारात धरून दार लावायचं आणि नोट ओढायची. अडकली तर रबर ठीक. सहज आली तर रबर ढिलं आणि थंडावा रात्रंदिवस स्वयंपाकघराला दान. लगेच नवीन रबर आणायला धावू नये. निम्म्या वेळा त्या घडीत आमरसाचा चिकटा आणि जिरावन मसाल्याची पूड बसलेली असते. साबणाच्या कोमट पाण्याने घडीघडीतून पुसावं, मग गरम पाण्यात पिळलेलं फडकं दाबून धरावं. रबर फुगून जागेवर येतं. मागे भिंतीपासून चार बोटं जागा सोडावी. वरच्या खणात बोटभर बर्फ साचण्याआधी फ्रिज बंद करून तो वितळू द्यावा. वितळू द्यावा, सुरीने उचकटू नये! त्या पत्र्यातच गॅसची नळी असते. सुरीचं टोक लागलं, फुस्स आवाज आला, की दहा वर्षांची वीजबचत एका दुपारी उडते.

पंख्यांबद्दल दोन गैरसमज पक्के आहेत. पहिला, हळू फिरणारा पंखा कमी खातो. भिंतीवर डबीएवढा जुना रेग्युलेटर असेल तर फारसं नाही. पंख्याची उरलेली बरीच वीज तो स्वतःच गरम होण्यात घालवतो, हात लावून बघा. नव्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने मात्र खरंच वाचते. आणि पूर्ण वेगावरही पंखा रेंगाळत असेल तर ते काटकसरीचं लक्षण नाही, कपॅसिटर मेला आहे. साध्या छताच्या पंख्याचा बहुधा अडीच मायक्रोफॅरडचा असतो, महाराणी रोडवर चहा-पोह्याच्या भावात मिळतो. दुसरा गैरसमज, नवे बीएलडीसी (कमी वॅटच्या मोटरचे) पंखे म्हणजे श्रीमंती चोचले. अठ्ठावीस वॅटचे तीन पंखे बारा तासांना एकच युनिट घेतात. २.७ चं १ झालं, दिवसाला १.७ वाचलं, महिन्याला ५१. पंखा अडीच-तीन हजारांचा, तेव्हा तिन्ही एकदम नकोत. जो सर्वात जास्त तास फिरतो तो आधी. बसवताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून टाकावा, नाहीतर पंखा घुंऽऽ करत राहतो आणि घरात मत पडतं की जुनंच बरं होतं.

मग दिवाळी सरते, पंखे थांबतात, घर सुस्कारा टाकतं. पंख्यांचे २.७ वाचले! नाही वाचले. पंधरा लिटरचा गीझर वीस अंशांचं पाणी साठवर नेतो तेव्हा ०.७ युनिट लागतं. चार माणसं, चार टाक्या, २.८. पंख्यांनी ठेवलेलं गीझरने व्याजासकट नेलं. वास्तविक त्या साठ अंशांच्या टाकीत तेवढंच गार पाणी मिसळलं की चाळीस अंशांचं तीस लिटर होतं, म्हणजे दोन माणसांच्या दोन बादल्या. लागोपाठ आंघोळी केल्या तर चौघांचं १.४ मध्ये भागतं. हे लागोपाठ म्हणजे काय, ते कोणत्याही घरात ठरत नाही. एक पूजेच्या आधी, एक पेपर वाचून झाल्यावर, एक "पाच मिनिटांत", आणि एक रविवारी दुपारी बाराला, पोहे-जिलबी झाल्यावर.

कूलरचं थोडक्यात: १८० वॅट, दहा तास, १.८ युनिट. मे महिन्यात पाचच्या शिध्यात तो बसतच नाही, रडून उपयोग नाही. पण खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत तो गारवा नाही, दमट धोबीघाट करतो, मग लोक तो आणखी जोरात लावतात. आणि माळव्याच्या रात्रीची कीर्ती 'शब-ए-मालवा' म्हणून उगाच नाही. पहाटे तीननंतर बहुधा नुसता पंखा पुरतो. उठून बंद कोणी करायचा, एवढाच प्रश्न. 

विजेखेरीजही काटकसर चालते, पण तिचा हिशेब कोणी मांडत नाही. चोइथराम मंडीत कांदा किलोमागे पाच रुपयांनी स्वस्त म्हणून स्कूटरवरून धडीभर आणायचा. धडी म्हणजे पाच किलो, वाचले पंचवीस. जाऊन-येऊन पंधरा किलोमीटर, पंचेचाळीसच्या ॲव्हरेजने पाव लिटरच्या वर पेट्रोल जळालं, ते पस्तिसाच्या घरात. वर मंडीच्या तोंडाशी गराडू, म्हणजे कंदाचे तुकडे, तळत असतात. शेवेवर तर कात्री चालवायची सूचनाच मांडू नये, ती बहुमताने पडते.

आता महिन्याचा अठ्ठाविसावा दिवस. मीटर १४३ वर. दोन दिवस, सात युनिट. आणि हीच तारीख बघून पुण्याहून चार पाहुणे येतात, थंडीत. सकाळी पहिला प्रश्न: "गीझर कुठे आहे?"

इथे गॅस मदतीला येतो. अठरा लिटरची बादली पंचवीस अंशांनी तापवायला रॉड अर्धं युनिट घेतो, गॅस साधारण सत्तर ग्रॅम. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये अशा दोनशे बादल्या; एरवी दोन्हींच्या खर्चात फार फरक नाही, पण उंबरठ्यावर उभं असताना गॅसच बरा. भांड्यावर झाकण हवं आणि ज्योत बुडाच्या आत. कडेने वर आलेली ज्योत छत तापवते. ज्योत पिवळी असेल तर बर्नरची भोकं टाचणीने साफ करावी. सिलिंडरमध्ये किती उरलंय ते बघायला ओल्या फडक्याने बाहेरून पुसावं: जिथवर आत द्रव आहे तिथवरची ओल उशिरा सुकते. आमच्याकडे अशा वेळी ती रेघ तळापासून चार बोटांवर असते.

तरीही पाणी तापतं, बादली जाते, पाहुणे न्हाणीघरात शिरतात, कडी लागते. न्हाणीघराचं बटण बाहेर असतं. गस्तीवर निघालेले बाबा तिथून जातात, टक् आवाज होतो, आणि आतून अंधारातून शुद्ध पुणेरी मराठीत हाक येते, "अहो, आत मी आहे!"

"असू द्या," बाबा म्हणतात, "आंघोळच तर करून राहिले आहात."