दार मेलं की ओ!

अजून डोक्यातनं जात नाहीये. गाडीला नवे स्पीकर टाकले तरी बेस येईना, कारण दार म्हणजे आतून पोकळ पत्रा, तो स्पीकरबरोबर स्वतःच थरथरतो, शिवाय आतल्या बाजूला एवढाली भोकं, त्यातनं स्पीकरच्या पाठचा आवाज पुढं येतो आणि पुढच्या बेसलाच खातो. उपाय एकच, ब्यूटाइल रबराची फॉइलवाली शीट आतनं चिकटवायची, भोकं बुजवायची. म्हणून विजापूर रोडवरच्या एका दुकानात गाडी लावली.

तिथं स्कूटीचं सीट कव्हर घालायला आलेले एक मामा बसले होते. सीट कव्हर दहा मिनिटांत झालं. मामा उठले नाहीत.

"हे काय लावलालेत ओ? डांबर?"

म्हणलं, ब्यूटाइल आहे, डांबराची शीट वेगळी, स्वस्त असते पण उन्हात वास मारते.

"आमच्या गच्चीला हेच लावलंय. तरी गळतंय."

मग दर विचारला. मी निम्मा सांगितला, तरी मामा हबकले. "एवढ्यात घरभर चादरी आल्या असत्या की! चादरच कोंबा दारात, आपल्या गावात काय कमी हाय का?" आता सोलापुरात राहून चादरीविरुद्ध बोलायचं कसं? तरी सांगितलं की कापड पाणी धरून ठेवतं, पत्रा गंजेल, आणि पत्र्याची थरथर मारायला त्याला घट्ट चिकटणारं काहीतरी लागतं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुकानातल्या पोराला म्हणाले, "का बे, हे असंच सगळ्यांना सांगतोस का?"

पोरगा रोलर फिरवत होता. पारा ४२ च्या पुढं, हीट गनची गरजच नाही, शीट आपोआप मऊ. मामांनी उघड्या दारावर टकटक केली. ठप्प. दुसऱ्या दारावर केली. ठणठण. परत पहिल्यावर.

"दार मेलं की ओ!"

इतकं नेमकं वर्णन मला आजवर जमलं नव्हतं, याचा जास्त राग आला.

मग वाकून बघत म्हणाले, "पावसाचं पाणी कुठनं जाणार?" आणि खरंच, त्या पोरानं दाराच्या तळातली पाणी जायची भोकंपण बुजवली होती! पैसे मोजून घेणाऱ्याला हे कळू नये आणि फुकट बसलेल्या माणसाला कळावं? वरनं पोरगा म्हणतो, "सोलापुरात पाऊस कुठं पडतो?" ब्लेडनं भोकं मोकळी करून घेईपर्यंत मामा माझ्याकडं विजयी नजरेनं बघत होते, जणू गाडी त्यांचीच.

गाणं लावलं. बेस मस्त, भरलेला, दार गप्प. फक्त मागं नंबर प्लेट गुरगुरायला लागली, इतके दिवस दारांच्या कलकलाटात ती ऐकूच येत नव्हती. मिरवणुकीच्या डीजेनं आमच्या गल्लीतल्या खिडक्या हादरतात तेव्हा एक माणूस चौकशीला येत नाही, आणि मी माझ्या गाडीत माझ्यापुरता आवाज लावला तर मामा स्कूटीला किक मारता मारता ओरडले,

"तिथंबी डांबर लावा की!"