इटलीतलं युद्ध तेव्हा संपलं नव्हतं

‘सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने बाजू बदलली आणि तिथली लढाई आटोपली’ हे दुसऱ्या महायुद्धावरच्या लेखातलं वाक्य मला पटलं नाही. ८ सप्टेंबरला इटलीचा ब्रिटन-अमेरिकादी मित्रराष्ट्रांशी झालेला शस्त्रसंधी जाहीर झाला, १३ ऑक्टोबरला इटलीने जर्मनीविरुद्ध युद्धही पुकारलं. पण तोवर जर्मन फौजांनी रोमसह बराचसा देश ताब्यात घेतला होता. तिथल्या जर्मन सैन्याची शरणागती अमलात आली २ मे १९४५ ला! शिवाय इटलीला मित्रराष्ट्र म्हणून मान्यता कधी मिळालीच नाही, फक्त सोबतीने लढणारा देश एवढाच दर्जा होता. हा फरक लेखात यायला हवा होता.

आम्ही खानापूर तालुक्यातले. माझे आजोबा बेळगावच्या मराठा सेंटरमध्ये, म्हणजे ब्रिटिश भारतीय सैन्यातल्या मराठा रेजिमेंटच्या केंद्रात, भरती झाले, तिसऱ्या बटालियनमध्ये. १९४१ ला पूर्व आफ्रिकेत, एरिट्रियातल्या केरनच्या डोंगरात ते इटालियन सैन्याशी लढले, आणि तीनच वर्षांनी इटलीतल्याच एका शेतकऱ्याच्या घरात त्यांनी भाकरीसारखा जाड पाव खाल्ला. “काल ज्येंच्यावर गोळ्या झाडल्या त्येंच्याच घरात जेवलो,” असं ते सांगायचे आणि मग बराच वेळ गप्प बसायचे. त्यांच्याच बटालियनचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला तिबेर नदीच्या खोऱ्यात पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा शौर्याचा सर्वोच्च ब्रिटिश सन्मान मिळाला. पहिल्या बटालियनचे नामदेव जाधव यांना तोच सन्मान सेनियो नदीवरच्या ९ एप्रिल १९४५ च्या लढाईसाठी. लढाई १९४३ मध्येच आटोपली म्हणता, मग ही माणसं तिथं कुणाशी लढत होती? लेखकांनी ते वाक्य कृपया दुरुस्त करावं.