एका नमस्काराचे २१ बाइट

ब्राउझरमध्ये ‘नमस्कार’ एवढा एकच शब्द उमटवायचा. त्यात काय मोठंसं, असं मला दरवेळी वाटतं. पण पायथनचं अ‍ॅप आणि सर्व्हर यांच्यामध्ये डब्ल्यूएसजीआय नावाचा करार बसलाय. लिहिला २००३ साली, पायथन ३ साठी डागडुजी झाली २०१० साली. काय वाढलं यापेक्षा कशात वाढलं यावर रुसणारा पाहुणाच तो!

आधी सर्व्हरने हाती दिलेल्या ‘स्टार्ट_रिस्पॉन्स’ या फंक्शनला हाक मारायची. स्टेटस, म्हणजे काम झालं की नाही याचा शेरा, ‘२०० ओके’ असा स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अक्षरांच्या माळेत. नुसता २०० आकडा दिला की बिनसलं. हेडर, म्हणजे मजकुराआधी जाणाऱ्या सूचना, टपलच्या जोड्यांत (नाव आणि किंमत), जोड्या लिस्टमध्ये. डिक्शनरी नाही, कारण ‘सेट-कुकी’ दोनदा येऊ शकते आणि डिक्शनरीत एक नाव एकदाच. कारण रास्त आहे, हे मी दातओठ खात मान्य करतो.

आता प्रत्यक्ष नमस्कार. स्ट्रिंग दिली तर ‘बाइट आण’. यूटीएफ-८ या अक्षरांचे बाइट करायच्या पद्धतीने एन्कोड करून बाइट नेले तरी नाक मुरडणं आहेच. त्याला तुकड्यांची रांग हवी. नुसते बाइट फिरवले की एकेक तुकडा म्हणून २२४, १६४, १६८ असे आकडे निघतात. हा झाला आपला ‘न’! पायथन २मध्ये हे खपायचं, फक्त मजकूर एकेक बाइट करत रांगत जायचा. औषध काय, तर बाइटभोवती दोन चौकोनी कंस, म्हणजे एकाच तुकड्याची लिस्ट.

खरा घात मजकुराची लांबी सांगणाऱ्या ‘कंटेंट-लेंग्थ’ या हेडरमध्ये. स्ट्रिंगची लांबी मोजली तर ७ येते: न, म, स, हलन्त, क, काना, र. पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे २१. हेडरमध्ये ७ लिहिलं की ब्राउझर ७ बाइटवर थांबतो. दिसतं ‘नम’ आणि पुढे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. नमस्कार अर्धा वाकून तिथेच अडकलेला. जास्त लिहिलं, तर ब्राउझर न येणाऱ्या बाइटची वाट बघत बसतो. म्हणून आधी एन्कोड, मग मोजणी.

‘स्टार्ट_रिस्पॉन्स’ एक ‘राइट’ फंक्शनही हातात ठेवतं. ते जुन्या कोडच्या सोयीसाठी. त्याच्या वाटेला जाऊ नये.

मोठा मजकूर पायथनच्या ‘यील्ड’ने तुकड्यातुकड्यांत पाठवणं ऐटदार वाटतं. मात्र पहिला भरलेला तुकडा निघाला की हेडरही गेले. मग डेटाबेस कोसळला तरी ५०० (म्हणजे ‘सर्व्हरकडे बिघाड’) सांगायची सोय नाही. ‘सगळं ओके’ आपण आधीच कळवून बसलेलो. आणि समोर एनजिनएक्स हा मधला सर्व्हर असेल तर तो तुकडे आपल्या बफरमध्ये साठवतो. ‘एक्स-अ‍ॅक्सेल-बफरिंग: नो’ हे हेडर जोडल्यावर सोडतो.