जहाजाचं वय मोजलं, आता कर्जाचंही बघा

भारतातल्या जुन्या जहाजांवरून जो वाद चाललाय तो मी रॉटरडॅममधून वाचत असतो. डीजी शिपिंगने, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज महासंचालनालयाने, २०२३ मध्ये नियम आणला, २० वर्षांवरचं जहाज विकत घ्यायचं नाही आणि तेलाचे टँकर, बल्क कॅरिअर (कोळसा-धान्यासारखा सुटा माल नेणारी जहाजं) २५ वर्षांनंतर चालवायचे नाहीत. जहाजमालक म्हणतात वय काय बघता, मेंटेनन्स बघा.

मी इथे जहाजदुरुस्तीच्या कामात आहे आणि मला नियम योग्यच वाटतो. जुन्या बल्क कॅरिअरच्या बॅलास्ट टँकमध्ये (तोल राखायला समुद्राचं पाणी भरतात त्या टाकीत) उतरून बघा, हातोडीच्या एका ठोक्याला गंजाचे पापुद्रे सुटतात. पाइपला भोक पडलं की भोवती पेटी करून सिमेंट ओततात, सिमेंट बॉक्स म्हणतात त्याला, पुढच्या बंदरापर्यंत जायला ठीक आहे, पण त्याच सिमेंटवर रंगाचे दोन-तीन थर चढलेले दिसले की समजायचं हे जहाज असंच रेटलं जातंय. आणि त्या इंजिनरूममध्ये आपलीच पोरं वॉचला, म्हणजे पाळीच्या ड्युटीवर, उभी असतात हो! इथले इन्स्पेक्टरही मेंटेनन्स बघतातच, पण जहाज १२ वर्षांवरचं असेल तर रिस्क ठरवताना वयही धरतात.

पण मालक जुनं जहाज हौसेने घेत नाहीत. आपल्याकडे जहाजासाठी मिळणारं कर्ज महाग आणि कमी मुदतीचं, मग सेकंड हँडच परवडतं. नुसती वयाची अट घातली की जुनं जहाज गुजरातमधल्या अलंगला तोडायला जाणार, त्याच्या जागी नवं येणार नाही, आणि माल तर कुणाच्या तरी जहाजातून जाणारच. १९८०च्या दशकाच्या शेवटी आपला जवळपास ४० टक्के आयात-निर्यातीचा माल आपल्या जहाजांतून जायचा, आता ५ टक्क्यांच्या आसपास आलाय. परदेशी कंपन्यांना वर्षाला साधारण ६ लाख कोटी रुपये भाडं जातं असं पंतप्रधानांनीच भावनगरला सांगितलं. आणि परदेशी जहाज नवंच असेल असंही नाही. मे २०२५ मध्ये केरळजवळ बुडालेलं एमएससी एल्सा ३ आठवतंय ना? १९९७ चं जहाज, झेंडा, म्हणजे नोंदणी, लायबेरियाची, विझिंजमहून कोचीला निघालेलं, आणि कंटेनर वाहून आले आपल्या किनाऱ्यावर.

इथे धक्क्यावर नव्याकोऱ्या जहाजावर चढावं तर चीफ इंजिनिअर निघतो रत्नागिरीचा, झेंडा मार्शल आयलंड्सचा. अभिमान वाटतो आणि वाईटही वाटतं, जगातली चांगली जहाजं आपली माणसं चालवतात आणि आपल्या झेंड्याखाली मात्र म्हातारी जहाजं.

२०२५ मध्ये सरकारने ६९,७२५ कोटींचं पॅकेज मंजूर केलं, मोठ्या जहाजांना इन्फ्रास्ट्रक्चरचा दर्जाही दिला, मनापासून आनंद झाला. पण त्यात मोठा भर जहाजबांधणीवर आहे, आणि यार्ड उभं राहून जहाज पाण्यात पडायला वर्षं लागतात. ज्याच्याकडे दोन-तीनच जहाजं आहेत आणि त्यातलं एक २४ वर्षांचं, त्याला १५ वर्षांच्या मुदतीचं कर्ज यंदाच मिळायला हवं.