हलक्या कानाचा स्विच

गळीत हंगामात साखर कारखान्याच्या ईडीपी, म्हणजे कॉम्प्युटर विभागात काम करणाऱ्या माणसानं सकाळचा चहा कपात ओतूच नये, थेट घशात ओतावा. परवा पावणेनऊला मी कप उचलला आणि काट्यावरून फोन आला.

"साहेब, वजन दिसतंय, पर पावती निघंना."

"प्रिंटरला कागद आहे का?"

"कागद हाय, लाईट हाय, म्या हाय. पावतीच न्हाई."

पावती नाही म्हणजे ट्रॅक्टर काट्यावरून हलत नाही. तो हलला नाही की गव्हाणीत ऊस पडत नाही. आणि गव्हाण रिकामी दिसली की आधी चीफ इंजिनियर, मग चीफ केमिस्ट, मग शेती अधिकारी अशा क्रमानं फोन येतात. परवा तिघंही एकदमच आले. बाहेर टायरगाड्यांची रांग फाटकापार गेली होती आणि एक बैल माझ्या खिडकीकडे बघत रवंथ करत होता. त्या सकाळी मला शिव्या न देणारा तो एकटाच.

सर्व्हरला चार वेळा पिंग मारलं. दोनदा ओ आली, दोनदा नाही. पूर्ण मेलेलं नेटवर्क परवडतं हो, निदान सुतक धरता येतं. हे असं अधूनमधून श्वास घेणारं फार छळतं. स्विच, म्हणजे कारखान्यातल्या सगळ्या कॉम्प्युटरांच्या वायरी जिथं येऊन मिळतात तो डबा, त्याच्या खोलीत गेलो. एरवी स्विचचे हिरवे दिवे आपापल्या लयीत मिचमिचत असतात. आज सगळे एका तालात, विसर्जन मिरवणुकीतल्या माळांसारखे लखलखत होते. लॅपटॉप जोडला तर एक अक्षर दाबायचं आणि ते उमटेपर्यंत कुलदैवताचं नाव घ्यायचं. शेवटी लॉग दिसला. ओळीमागून ओळ, सगळ्यांचं रडगाणं एकच: अमुक मॅक ॲड्रेस पोर्ट ३ आणि पोर्ट १७ यांच्यात फ्लॅप होतोय. पोर्ट म्हणजे स्विचवरचं वायर खोचायचं भोक आणि फ्लॅप म्हणजे इकडून तिकडं उड्या.

मॅक ॲड्रेस म्हणजे यंत्राच्या कपाळावरची सटवाईची रेघ. १२ अक्षरं. त्यातली पहिली सहा आयईईई ही संस्था बनवणाऱ्या कंपनीला नेमून देते, उरलेली सहा कंपनी स्वतः घालते. काट्यावरच्या कॉम्प्युटरची रेघ मला आता हातावरच्या रेषांपेक्षा पाठ झाली आहे. तो कॉम्प्युटर तीन नंबरच्या पोर्टात आहे, गेली सहा वर्षं तिथंच आहे. मग तो १७ मध्ये कसा दिसतोय? आणि पुढच्या क्षणी परत ३ मध्ये?

याचं मूळ स्विचच्या स्वभावात आहे. स्विच हा मुळात हलक्या कानाचा प्राणी. ज्या दारातून ज्याचा आवाज आला, तो त्या दाराशी राहतो, असं तो डोळे मिटून वहीत लिहितो. थोड्या वेळानं तोच आवाज दुसऱ्या दारातून आला तर आधीचं खोडून नवं लिहितो. "अरे, तू तर तिकडं होतास ना?" असं विचारायची पद्धत नाही. आणि बहुतेक स्विचांवर ३०० सेकंद गप्प बसलात तर तो तुम्हाला साफ विसरतो. असे नातेवाईक माझ्याकडेही आहेत, त्यामुळं मला त्याचा राग येत नाही. पण काट्याचा निरोप तो १७ च्या दारात टाकत होता आणि काटा तीनच्या दारात वाट बघत बसला होता.

पहिला संशय वायफायवर घेतला. चेअरमनसाहेब पोर्चमधून केबिनकडे चालत निघाले की त्यांचा फोन एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर जातो, तेव्हाही स्विच हीच तक्रार करतो. ती मनावर घ्यायची नसते, साहेब फिरणारच. पण काटा काही फिरत नाही, चाळीस टनांचा आहे. दुसरा संशय सर्व्हरवर. त्याला दोन नेटवर्क कार्डं आहेत आणि स्विचला न सांगता दोन्हींची जोडी लावली तरी असाच गोंधळ होतो. तेही नव्हतं. मग मॅक टेबल, म्हणजे स्विचची ती वहीच बघायला बसलो. वरचा बाण, एंटर. काटा ३ वर. वरचा बाण, एंटर. काटा १७ वर. स्टोअर ५ वर, स्टोअर १७ वर. अकाउंट ९ वर, अकाउंट १७ वर. टाइम ऑफिसचा थंब मशीनसुद्धा १७ वर! सगळ्यांची घरं वेगळी, पण सगळे एकाच ठिकाणी सापडत होते. गावात असं झालं की पोलीस सरळ त्या ठिकाणावर धाड घालतात.

पोर्ट १७ बंद केला. दिवे शांत झाले. अर्ध्या मिनिटात खिडकीतून काट्याचा प्रिंटर करकरलेला ऐकू आला. बैलानंही तोंड फिरवलं.

मग शेती अधिकाऱ्यांचा फोन. "आमचं बंद पडलं."

म्हणजे १७ शेती ऑफिसचा! गेलो. कोपऱ्यातल्या टेबलाखाली आठ पोर्टचा निळा स्विच, वर बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या धुळीचा थर, आणि थराखाली खंडेनवमीचं हळदकुंकू. एका पोर्टातून निघालेली पांढरी वायर छान वळसा घेऊन शेजारच्याच पोर्टात शिरली होती. सापानं शेपूट तोंडात धरावं तशी.

"मामा, ही कुणी लावली?"

"म्याच," शिपाईमामा अभिमानानं म्हणाले. "येमडी सायबांचा राउंड हुता न्हवं? लोंबकळत हुती, पायात यायची. खोचली."

घोळ त्या खोचण्यात होता. आयपी पॅकेटला आयुष्य ठरवून दिलेलं असतं, प्रत्येक राउटर त्यातलं एक कमी करतो आणि शून्यावर ते मरतं. इथरनेटच्या फ्रेमला, म्हणजे स्विच ज्या पाकिटातून निरोप पोचवतो त्याला, अशी सोय नाही. सगळ्यांसाठी दिलेली एक हाक त्या वेटोळ्यात शिरली की अश्वत्थाम्यासारखी तेल मागत फिरत राहते, आणि काट्याची हाक १७ च्या दारातून परत येते.

आता यावर इलाज आहे. रेडिया पर्लमन या बाईंनी १९८५ साली, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना, स्पॅनिंग ट्रीची युक्ती काढली आणि त्यावर कविताही केली. स्विच दर दोन सेकंदांनी एक चिठ्ठी सोडतो, आपलीच चिठ्ठी आपल्याकडे परत आली की वेटोळं ओळखून तो पोर्ट अडवतो. मग आमच्या १७ नंबरला का नाही अडवला?

परत येऊन त्या पोर्टाची सेटिंग उघडली. चिठ्ठ्या बंद करून ठेवल्या होत्या. शेजारी शेरा: "तात्पुरतं", तारीख तीन वर्षांपूर्वीची, खाली माझी आद्याक्षरं. आठवलं. शेती ऑफिसचा कॉम्प्युटर सकाळी नेटवर्कवर यायला तीस सेकंद घेतो, पंधरा पोर्टाच्या ऐकण्यात, पंधरा त्याच्या शिकण्यात, अशी तक्रार होती. ही वाट बघणं टाळणारी पोर्टफास्ट नावाची सेटिंग लावून भागलं असतं. मी घाईत थेट पहारेकरीच घरी पाठवला होता.

चिठ्ठ्या सुरू केल्या, पोर्टफास्ट आणि अशी चिठ्ठी (तिचंच नाव बीपीडीयू) आत आली की पोर्ट बंद करणारा बीपीडीयू गार्ड लावला, शेरा पुसला. एमडी साहेबांना दिलेल्या अहवालात "तांत्रिक बिघाड" असं लिहिलं. मामांना मात्र कमरेवर हात ठेवून सांगितलं की इथून पुढं मला विचारल्याशिवाय कुठलीही वायर कुठंही खोचायची नाही.

मामा शब्दाचे पक्के. काल रात्री साडेदहाला फोन आला.

"साहेब, चेअरमनसाहेबांच्या केबिनमदी हाय. मच्छराचं मशीन खोचू का?"