खुलासा : मोर्सची जग्वार 3.8 लिटरची नव्हती

ब्रिटिश टीव्ही मालिकेतल्या इन्स्पेक्टर मोर्स या पोलीस अधिकाऱ्याची लाल जग्वार मार्क 2, नंबर 248 आरपीए, ही 3.8 लिटरची होती आणि म्हणूनच ती महाग विकली गेली, असा मजकूर फिरतो आहे. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

ती 2.4 होती, म्हणजे या मॉडेलमधलं सर्वांत लहान इंजिन. 2,483 सीसी, 120 अश्वशक्ती, 3.8 ची 220. शिवाय साधी स्टीलची चाकं आणि छतावर व्हिनाइल. चित्रीकरणानंतर चालू स्थितीत आणलेली ही गाडी ऑगस्ट 2002 मध्ये लिलावात 53,000 पौंडांना गेली. मग ती पूर्ण सुटी करून नव्याने बांधली गेली आणि नोव्हेंबर 2005 मध्ये एक लाख पौंडांच्या वर विकली गेली. किंमत मोर्सची भूमिका करणारा जॉन थॉ ज्या सीटवर बसला तिची, इंजिनाची नव्हे.

ग्रिलवरचा बिल्ला पाहून इंजिन ठरवू नका. तो पाच मिनिटांत बदलतो. बॉनेट उघडा: मूळ 2.4 वर सोलेक्स कंपनीचे दोन कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारे भाग) असतात, 3.8 वर एसयू कंपनीचे दोन. 2.4 चा इंजिन ब्लॉकही बुटका, कारण स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 76.5 मिमी, 3.8 चा 106. उजव्या स्टिअरिंगच्या 2.4 चे चॅसिस क्रमांक 100001 पासून सुरू होतात, 3.8 चे 200001 पासून. चॅसिस 2.4 चा आणि इंजिन 3.8 चं निघालं, तर इंजिन नंतर बसवलेलं आहे.